शासकीय सेवेत वरिष्ठ पदावर गेल्यावर डॉक्टरकीचे काय होते?

बंधपत्रित डॉक्टर, आंबेगाव तालुका

नमस्कार. मी पुण्यातच वाढले, एम.बी.बी.एस. पुण्यातच केले आणि सध्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्रित सेवा, म्हणजे शिक्षणानंतर शासनाला देणे बंधनकारक असलेली सेवा, करीत आहे. रुजू होताना हे वर्ष संपवून पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाला लागायचे, एवढाच विचार होता. आता मात्र हे काम मनापासून आवडू लागले आहे. बाह्यरुग्ण विभाग, रात्रीअपरात्री येणाऱ्या प्रसूती, भातलावणीच्या दिवसांतील सर्पदंश, वाड्यावस्त्यांवरचे लसीकरण या सगळ्यांत आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो, हे रोज प्रत्यक्ष दिसते. नियमित नियुक्तीची जाहिरात निघाल्यावर अर्ज करावा आणि शासकीय सेवेतच राहावे, असे वाटू लागले आहे.

अडखळते ती एका गोष्टीपाशी. आमच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचा बहुतेक दिवस आढावा बैठका, दूरदृश्य प्रणालीवरील सूचना, खर्चाची उपयोगिता प्रमाणपत्रे आणि माहिती अधिकाराचे अर्ज यांत जातो. त्यांच्या हाताला गुण आहे असे गावातले जुने लोक सांगतात, पण रुग्ण तपासायला त्यांना वेळ मिळताना मी क्वचितच पाहिले आहे. वीस-पंचवीस वर्षांनी मी जिल्हास्तरावर पोहोचले, तर माझ्यात डॉक्टर म्हणून काही शिल्लक असेल का? घरच्यांना याची काय किंमत मोजावी लागते? ज्यांनी हे आयुष्य जगले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त जिल्हास्तरीय अधिकारी, कोथरूड

आपला प्रश्न योग्य वेळी विचारला गेला आहे, कारण बहुतेकांना तो पदोन्नतीचा आदेश हातात पडल्यानंतर सुचतो. माझी सेवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरू झाली आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात संपली. त्यामुळे मी लिहितो आहे ते जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या वाटेबद्दल. रुग्णालयांच्या वाटेबद्दल कोणी तरी अधिक अधिकाराने लिहील.

वरिष्ठ पदावर एकेक रुग्ण हातातून सुटत जातो, हे खरे आहे आणि ते मान्य केलेले बरे. मला स्वतःला पहिली काही वर्षे त्याचे दुःख होते. पण त्या जागी जे काम येते तेही वैद्यकशास्त्रच आहे, आणि ते वैद्यकशास्त्र म्हणूनच करायचे की कारकुनी म्हणून उरकायचे, हे अधिकाऱ्यावर अवलंबून असते. आषाढी वारीच्या उदाहरणाने हे सांगतो, कारण आपल्या जिल्ह्यात याहून मोठी परीक्षा दुसरी नाही.

आळंदी आणि देहूहून निघालेल्या पालख्या पुण्यात मुक्काम करतात. पुढे माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे या मार्गाने नीरा ओलांडते आणि सातारा जिल्ह्यात जाते. तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड, बारामती, इंदापूर या बाजूने सोलापूर जिल्ह्याकडे सरकते. काही हजार वस्तीच्या गावात एका रात्रीसाठी लाखो माणसे उतरतात, तीही पावसाळ्याच्या तोंडावर, जेव्हा विहिरींत नवे गढूळ पाणी उतरू लागलेले असते. पटकी आणि गॅस्ट्रोसाठी याहून अनुकूल परिस्थिती शोधून सापडणार नाही. म्हणून पालखी निघण्याच्या कितीतरी आठवडे आधी मार्गावरील प्रत्येक विहीर, हातपंप, नळयोजना आणि टँकर भरण्याचे ठिकाण यांची यादी करावी लागते, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावे लागतात, दूषित निघालेल्या स्रोतांवर फलक लावून ते बंद करावे लागतात आणि मार्गावरच्या हॉटेलांत काम करणाऱ्यांची आरोग्य तपासणी करून घ्यावी लागते. ग्रामपंचायतीच्या गोदामात टी.सी.एल. पावडरची (पाणी शुद्ध करण्याच्या ब्लीचिंग पावडरची) पोती आहेत, एवढ्या उत्तरावर समाधान मानता येत नाही. ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो, पण पोते ओलाव्यात पडून राहिले की तो झपाट्याने उतरतो. अशी निकामी पावडर विहिरीत टाकली, तर नोंदवहीत शुद्धीकरण झालेले दिसते आणि पाणी होते तसेच राहते. म्हणून पोत्यातून नमुना काढायचा, आणि मुक्कामाच्या दिवशी टँकरच्या तोटीखाली नळी धरून पाण्यात क्लोरीन उरला आहे की नाही हे दाखवणारी ओ.टी. चाचणी स्वतः करायची. पाणी पिवळे झाले तरच टँकर पुढे सोडायचा.

पालखी पुढे गेली म्हणजे आपले काम संपले, असे मानणारे अधिकारी चुकतात. गर्दी गेल्यानंतर मागच्या गावांत उघड्यावरची घाण उरते, पहिला जोरदार पाऊस ती पाण्यात नेतो आणि मग जुलाब सुरू होतात ते त्या गावच्या लहान मुलांना. म्हणून मुक्कामाच्या गावांचे घरोघर सर्वेक्षण पालखी गेल्यानंतरही चालू ठेवावे लागते. सगळे नीट पार पडले तर वर्तमानपत्रात एक ओळही येत नाही. ज्या मुलांना जुलाब झाले नाहीत, ती आपल्या दारात कधी येणार नाहीत आणि त्यांच्या आयांना आपले नावही ठाऊक नसेल. हे ज्याला पुरते, त्याने या वाटेने यावे.

लसीकरणाचेही तसेच. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर या तालुक्यांत ऊसतोड कामगारांची पाले उभी राहतात. मुलाचे गाव मराठवाड्यात, पाल इथे, आणि नाव कोणत्याच यादीत नाही. सूक्ष्म नियोजनाचा तक्ता कार्यालयात बसून भरला तर ही मुले हमखास सुटतात; फडावर जाऊन भरला तर सापडतात. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, त्यामागे देशभर अशाच पालांवर, वीटभट्ट्यांवर आणि एस.टी. स्थानकांवर उभ्या राहिलेल्या माणसांचे काम आहे.

बैठका खूप असतात, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. त्यांतल्या बऱ्याच अनावश्यक असतात. परंतु माता मृत्यू अन्वेषणाच्या बैठकीला त्यांत मोजू नका. एखादी बाई का गेली, रक्तस्राव किती वाजता सुरू झाला, गाडी किती वाजता बोलावली, रक्तपिशवी कोठे अडली, हे मिनिटामिनिटाने उलगडणारी ती बैठक नीट चालवली, तर पुढच्या बाईचा जीव वाचतो. मी ती नेहमीच रुग्णतपासणी मानली.

वैद्यकीय अधीक्षक, ग्रामीण रुग्णालय

वरील सरांच्या लेखनाबद्दल आदर आहे, पण वरिष्ठ पदावर रुग्ण सुटतोच, हे त्यांचे विधान मला मान्य नाही. पुण्यात राहणाऱ्या माणसाला सरकारी डॉक्टर म्हटले की ससून आठवते; ते वैद्यकीय शिक्षण विभागाचे आहे. औंधचे जिल्हा रुग्णालय आणि येरवड्याचे मनोरुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, नायडू आणि कमला नेहरू ही रुग्णालये महानगरपालिकेकडे, आणि आपण आहात ती प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे. एकाच शहरात इतके वेगवेगळे मालक असल्यामुळे बाहेरच्याला सगळे एकच वाटते; प्रत्यक्षात प्रत्येकाची सेवाज्येष्ठता यादी वेगळी, बदल्या वेगळ्या आणि म्हातारपणी उरणारी डॉक्टरकीही वेगळी. आपण पदव्युत्तर शिक्षण घेऊन रुग्णालयांच्या बाजूला आलात, तर उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून निवृत्तीच्या दिवसापर्यंत शस्त्रक्रिया करणारी माणसे आपल्याला भेटतील. मंचर आपल्याला जवळच आहे. तिथे जाऊन त्यांच्याशी बोला. सेवेत राहून पदव्युत्तर शिक्षण घेण्याची सोयही आहे. अशा उमेदवारांसाठी स्वतंत्र जागा ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मान्य केला आहे.

मला अधिक बोलायचे आहे ते सहीबद्दल, कारण महाविद्यालयात त्याविषयी फार थोडे शिकवले जाते. वरिष्ठतेबरोबर आपल्या सहीचे वजन वाढत जाते. जखमेचे प्रमाणपत्र, वयनिश्चितीचा अहवाल, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, शवविच्छेदनाचा अहवाल, लैंगिक अत्याचारातील पीडितेची तपासणी, यांतल्या प्रत्येक कागदावर कोणाचे तरी पुढचे आयुष्य ठरते. जखम साधी की गंभीर, या एका शब्दावर आरोपीचे कलम बदलते, आणि म्हणूनच रात्री उशिरा गावातली वजनदार मंडळी आपल्या निवासस्थानी येऊन बसतात. त्या वेळी आवाज न चढवता, चहा देऊन, जे दिसले तेच लिहिणे हे शस्त्रक्रियेइतकेच कौशल्याचे काम आहे आणि ते सरावानेच येते.

न्यायालयाचे समन्स आपली बदली झाली म्हणून थांबत नाही. चंद्रपूरला असताना केलेल्या शवविच्छेदनाची साक्ष द्यायला आपण इंदापुरातून जाता. समोरचा वकील विचारतो की जखमेच्या कडा कशा होत्या, आणि आपल्याजवळ असते फक्त त्या दिवशी स्वतःच्या हाताने लिहिलेली टिपणी. ती नीट लिहिली असेल तर आपण निर्धास्त असतो. घाईत ‘अनेक जखमा’ एवढेच लिहिले असेल, तर एखाद्या मेलेल्या माणसाची बाजू मांडणारे कोणीच उरत नाही.

गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याची अंमलबजावणी हे आणखी अवघड काम. जिल्ह्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सक हे समुचित प्राधिकारी, म्हणजे हा कायदा राबवणारे अधिकारी, असतात आणि सोनोग्राफी केंद्राची तपासणी, यंत्र सील करणे, न्यायालयात तक्रार दाखल करणे ही कामे त्यांच्याकडे येतात. केंद्र चालवणारा अनेकदा आपल्याच महाविद्यालयातला, आपल्याच वसतिगृहातला असतो. महाराष्ट्रात दर हजार मुलग्यांमागे शून्य ते सहा वयोगटातील मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. हे आकडे समोर ठेवले की मैत्रीचा प्रश्न उरत नाही, असे मी स्वतःला सांगतो; तरीही त्या रात्री झोप लागत नाही.

अधिकाऱ्याची मुलगी, धनकवडी

घरच्यांबद्दल आपण विचारले आहे, म्हणून लिहिते. माझी आई शासकीय वैद्यकीय अधिकारी होती आणि वरिष्ठ पदावरून निवृत्त झाली. तिचा मला आयुष्यभर अभिमान वाटत आला आहे, पण लहानपणी तो वाटत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. मुख्यालयी राहण्याच्या नियमामुळे आम्ही गळक्या निवासस्थानांत राहिलो. बदलीचे आदेश शाळेचे वर्ष पाहून निघत नाहीत, त्यामुळे पुढे वडील आणि मी पुण्यात आणि आई जिल्ह्याबाहेर, अशी घराची दोन टोके झाली. आजी नसती तर आमचे घर चालले नसते. आपण लग्न करणार असाल किंवा केले असेल, तर ही चर्चा जोडीदाराशी आजच करा. त्याने ‘बघू पुढे’ म्हटले, तर ते उत्तर पुरेसे समजू नका.

साथीचे दिवस वेगळेच असत. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि शहरभर शाळा बंद झाल्या, तेव्हा घरात आम्ही आईशी दारातूनच बोलत होतो. ९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले करोना रुग्ण पुण्यातच सापडले आणि त्यांना नायडू रुग्णालयात दाखल केले गेले. त्यानंतरचे कित्येक महिने तिचा फोन रात्री उशाशी असे आणि तो वाजला नाही अशी रात्र मला आठवत नाही. ऑक्सिजनचा टँकर चाकणहून निघाला की नाही, एवढ्यासाठी ती तासन्‌तास जागी राहिली. मात्र ती चिडलेली किंवा हताश झालेली मी त्या काळात पाहिली नाही. कोणाशी काय बोलायचे, कोणता निर्णय आपला आणि कोणता वरिष्ठांचा, हे तिला नेमके ठाऊक होते. ते शहाणपण तिने कित्येक वर्षांच्या लहान लहान साथींतून कमावले होते, आणि आज विचार केला की वाटते, वरिष्ठ अधिकाऱ्याला पगार मिळतो तो बहुधा यासाठीच.

इतिहासाचा वाचक, शनिवार पेठ

मी डॉक्टर नाही, पण या प्रश्नाला पुण्यात जुनी मुळे आहेत, म्हणून थोडे लिहितो. घोले रस्ता ज्यांच्या नावाने आहे ते डॉ. विश्राम रामजी घोले सरकारी वैद्यकीय सेवेतले होते. व्हॉइसरॉयचे मानद शल्यविशारद हा बहुमानही त्यांना मिळाला होता. तेच घोले सत्यशोधक समाजाच्या कामात होते, आणि १८८८ मध्ये जोतीराव फुले यांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांतही ते होते. सरकारी पद, समाजाचे काम आणि रुग्णाची सेवा एका माणसात नांदू शकतात, याला हे पुण्यातले उदाहरण पुरेसे आहे.

दुसरे उदाहरण उलटे आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याची सूत्रे वॉल्टर रँड या मुलकी अधिकाऱ्याकडे होती. रुग्ण शोधणे, त्यांना वेगळे ठेवणे, घरे निर्जंतुक करणे हे उपाय त्या काळच्या समजुतीप्रमाणे होते, पण सैनिकांकरवी घरे उघडून झडत्या घेण्याच्या पद्धतीमुळे लोक रुग्ण लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांची सेवा करीत होते आणि सावित्रीबाई त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या. रुग्ण लपवला जातो की स्वतःहून आणला जातो, हा फरक साथीच्या अधिकाऱ्याच्या वागण्यातून पडतो. त्याच वर्षी झालेला साथरोग कायदा २०२० मध्येही वापरला गेला, म्हणून हे केवळ जुने प्रकरण नाही.

बंधपत्रित डॉक्टर, आंबेगाव तालुका

सर्वांचे मनापासून आभार. वारीबद्दलचे लेखन मी आमच्या केंद्रातील आरोग्य सहायकांना वाचून दाखवले. ओली पावडर त्यांनीही पाहिली आहे. धनकवडीच्या ताईंनी लिहिल्याप्रमाणे घरी बोलणे सुरू केले आहे. आता एकच विचारते. निर्णय काहीही झाला तरी बंधपत्राचे हे उरलेले महिने माझ्याजवळ आहेत. पुढे अधिकारी व्हायचे असेल, तर या महिन्यांत इथेच काय शिकून घ्यावे?

निवृत्त जिल्हास्तरीय अधिकारी, कोथरूड

आधी अधीक्षक महोदयांना: आपली दुरुस्ती मान्य आहे. मी माझ्याच वाटेबद्दल बोलत होतो.

आता आपल्याला. प्रथम हिशेब शिका. हे ऐकून निराश होऊ नका. चांगल्या चांगल्या डॉक्टरांच्या मागे विभागीय चौकशा लागलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेकांनी एक रुपयाही खाल्लेला नव्हता. त्यांनी न वाचता रोकडवहीवर सही केली होती, किंवा एका लेखाशीर्षाचे पैसे दुसऱ्या निकडीच्या कामाला वापरले होते. लेखापरीक्षक येतात ते कित्येक वर्षांनी, तोवर लिपिक निवृत्त झालेला असतो आणि उत्तर द्यायला आपण एकटे उरतो. आपल्या केंद्रातील लिपिकांशेजारी बसून रुग्ण कल्याण समितीची रोकडवही, औषधसाठा नोंदवही आणि मोडीत काढलेल्या वस्तूंची नोंद कशी ठेवतात, ते समजून घ्या. साठा नोंदवहीत सर्पविषरोधक लसीच्या किती कुप्या आहेत आणि शीतपेटीत प्रत्यक्ष किती आहेत, हे स्वतः मोजा. आपल्या भागात पावसाळ्यात या एका आकड्यावर माणूस जगतो किंवा जातो.

दुसरे, आपल्या केंद्राच्या हद्दीत गेल्या वर्षी झालेल्या सगळ्या मृत्यूंची यादी उपकेंद्रनिहाय काढा आणि शक्य तितक्या घरी जाऊन बसा. डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे, म्हणजे ही यादी एका माणसाच्या आवाक्यातली असते. जिल्ह्याला गेल्यावर हे कधीच जमत नाही. तिथे मृत्यू तक्त्यात येतात. ज्याने एकदा घरोघर जाऊन ती यादी समजून घेतली आहे, त्याला पुढे कोणताही तक्ता वाचताना कोठे पाणी मुरते आहे ते दिसते.

तिसरे, गावातील आशा कार्यकर्त्या आणि आरोग्यसेविका यांच्याबरोबर चालत जा, गाडीने नको. पावसाळ्यात कोणत्या वाडीचा रस्ता किती दिवस तुटतो आणि तिथल्या गरोदर बायकांना आधीच कोठे आणून ठेवावे लागते, हे त्यांना ठाऊक असते. आपल्याच तालुक्यात माळीणला ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. अशा वेळी वरून मदत पोहोचेपर्यंतचे पहिले काही तास स्थानिक केंद्राचेच असतात. कोणत्या घरात किती माणसे, कोण अंथरुणाला खिळलेले, कोणाला इन्सुलिन लागते, हे ज्याला माहीत असते त्याचाच तेव्हा उपयोग होतो.

पदव्युत्तर शिक्षणाबाबत माझा सल्ला असा की विषय ठरवण्याची घाई करू नये. मृत्यूंच्या यादीचे काम करताना आपल्याला पुन्हा पुन्हा रुग्णाच्या खाटेपाशी थांबावेसे वाटले, तर अधीक्षक महोदयांची वाट धरावी आणि मंचरला जाऊन भेटावे. यादीतील दोन मृत्यूंमधला संबंध शोधण्यात मन रमले, तर जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) घ्यावे. आणि नियमित नियुक्ती मिळाली, तर रुजू झाल्याच्या दिवसापासून सेवापुस्तिकेतील प्रत्येक नोंद दरवर्षी स्वतः तपासून तिची प्रत जवळ ठेवावी. निवृत्तिवेतन अडते ते बहुधा पहिल्या पाच वर्षांतील राहून गेलेल्या नोंदींमुळेच.